सुट्टीची गोळी

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कारखान्याचं फाटक उघडलं, की बायका आधी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी थांबत. भाजी नंतर, मुलांचा खाऊ त्याच्याही नंतर. काजवाली एकटी आत जाई आणि छोट्या पिवळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन बाहेर येई. दोरे तोडायची कात्री तिच्या खिशात कायम असे. त्या कात्रीने ती पट्टीचे तुकडे पाडी आणि एकेकीच्या हातावर ठेवी.

"धर गं कॉलर, तुझ्या दोन. कफ, तुझ्या दोन. खिसेवाली कुठंय? तिला म्हणावं लाजू नको, पोट सगळ्यांनाच असतं."

"आणि या चार कुणाच्या?" कॉलरवालीने विचारलं.

"माझ्या."

"चार? पोट आहे का गटार तुझं?"

"मागच्या खेपेला तीन घेतल्या, तर नुसतं आभाळ गडगडलं. पाऊस पडलाच नाही."

बायका खो खो हसल्या. कॉलरवालीही हसली, पण हसताना तिला पोटावर हात दाबावा लागला. आठवडाभर तिथे दगड बसला होता.

या बायकांना एकमेकींची खरी नावं ठाऊक होती, पण ती वापरात नव्हती. कारखाना शर्टांचा. मशीनला मशीन लावून बायका एका ओळीत बसत आणि प्रत्येकीच्या वाट्याला शर्टाचा एकच भाग येई. जी जे शिवी, तेच तिचं नाव. कॉलरवालीने कॉलर लावून शर्ट पुढे सरकवला की कफवाली कफ जोडी, मग काजवाली काजं पाडी, मग बटणवाली. मधलं एक मशीन थांबलं तर पुढच्या सगळ्या हातावर हात ठेवून बसणार आणि थांबलेल्या मशीनपाशी शर्टांचा ढीग साठणार. म्हणून मध्येच कुणी उठायचं नाही. उठायचंच असेल, तर फळी घ्यायची.

फळी लाइनमास्तरच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली असे. इस्त्रीच्या जुन्या टेबलाचा हातभर लांब तुकडा, लालभडक रंगवलेला. एका ओळीला एकच. संडासला जाणाऱ्या बाईने ती छातीशी धरून सगळ्या ओळीसमोरून चालत जायचं आणि परत आल्यावर जागेवर टांगायची. फळी खिळ्यावरून निघाली की लाइनमास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे आणि हातातल्या कर्ण्यातून ओरडे, "कॉलर उठली!" कापणीच्या टेबलावरचे पुरुष मान वर करून बघत. इस्त्रीवाले बघत. परत यायला जरा उशीर झाला, की पुन्हा कर्णा: "कॉलर अजून बसलीय का?" मग पुरुषांच्या बाजूने हसू फुटे.

असं दोन-चारदा झालं की बाई उठेनाशी होई. मग ती सकाळी घरून निघताना पाणी पीत नसे. डब्यातलं निम्मं तसंच घरी नेई. कळ आली की पाय एकमेकांवर दाबून धरी आणि मशीनचा वेग वाढवी. शरीर बिचारं काही दिवस हाक मारतं. कुणी ओ देत नाही म्हटल्यावर तेही हाक मारायचं सोडतं. मग पोट फुगतं, डोकं जड होतं, अन्नावरची वासना जाते आणि सुट्टीच्या आदल्या रात्री गोळी घ्यावी लागते. सुट्टीची सकाळ संडासात जाते, दुपार अंथरुणात. दुसऱ्या दिवशी कोरड्या तोंडाने पुन्हा मशीनवर. या गोळीला बायका 'सुट्टीची गोळी' म्हणत. ओळीत नवी मुलगी आली की सुईत दोरा कसा ओवायचा हे शिकवता शिकवता तिला हीसुद्धा गोष्ट शिकवून टाकत.

कॉलरवालीच्या घरी तिची सासू आणि तिसरीत जाणारी मुलगी. नवरा लांब पल्ल्याच्या मालगाडीवर होता. घरी पाहुण्यासारखा येई. सासू पूर्वी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती घरीच असे, पण तिचा वर्ग काही सुटला नव्हता. त्यात आता एकच विद्यार्थिनी उरली होती, नात. तिला दोघी चिमणी म्हणत.

त्या संध्याकाळी चिमणी पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात पडली होती.

"काय झालं हिला?"

"पोट दुखतंय म्हणते. जेवण नको म्हणते," सासू म्हणाली. "मला काही सांगेना. तुझीच वाट बघत होती."

चिमणीने डोळे उघडले. "आई, मला पण दे ना सुट्टीची गोळी."

कॉलरवालीच्या हातातली पिशवी हातातच राहिली. "तुला कशाला गं?"

"मला पण होत नाहीये. कधीची."

"का होत नाहीये?"

"शाळेत मी जातच नाही ना. दाबून ठेवते. मग घरी आल्यावर येतच नाही." पोट दुखत असूनही तिच्या आवाजात फुशारकी होती. "तू ठेवतेस ना, तसंच. मला येतं आता. तास संपेपर्यंत मी हलत पण नाही."

कॉलरवालीच्या डोक्यात एकदम जाळ झाला. "अक्कल आहे का तुला? एवढी मोठी घोडी झालीस नि..."

"तिच्यावर कशाला ओरडतेस?" सासू शांतपणे म्हणाली. "पोरीने अक्षर बरोबर गिरवलंय. कित्ता कुणाचा होता ते बघ."

मग तिने हात पुढे केला. कॉलरवालीने पिशवीतला पट्टीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. सासूने चष्मा लावला आणि दिव्याखाली धरून मागची बारीक अक्षरं वाचली.

"किती घेतेस?"

"दोन."

"कशाबरोबर?"

"गरम दुधाबरोबर. तरी पोटात मुरडा येतो."

"दुधाबरोबर घेतेस म्हणूनच येतो. अगं, कपडे शिवणारी बाई तू, तुला हे मी सांगायचं? या गोळीला कोट घातलेला असतो. तो कोट तिने आतड्यात पोहोचल्यावर काढायचा. दूध प्यायलीस की तो वरच, जठरात उतरतो आणि गोळी नको त्या ठिकाणी काम सुरू करते. म्हणून ती पाण्याबरोबर घ्यायची. आणि अख्खी. चावायची नाही, कुटायची नाही."

"आजी, मला अर्धी चालेल," चिमणी म्हणाली.

"तुला पावही नाही. मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही द्यायची नसते. उद्या सकाळी आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. तोवर थोडं पाणी पी."

"तुम्ही घेत होतात की," कॉलरवाली घुश्शातच म्हणाली. "ऑपरेशननंतर."

"घेत होते. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी पोट धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, रात्री झोपताना एक घ्या आणि सकाळपर्यंत वाट बघा. तासाभरात काही झालं नाही म्हणून दुसरी टाकू नका. पोटात खूप दुखत असेल, उलटी होत असेल, तर गोळीला हात लावू नका, आधी माझ्याकडे या. दोन-तीन दिवसांत पोट मार्गी लागलं, मी पट्टी ठेवून दिली. ती अजून कपाटात आहे. गोळी वाईट नाही गं. पाहुणी म्हणून आली तर तिचा मान ठेवावा. पण तिने घरात बिऱ्हाडच थाटलं, तर घरातच काहीतरी बिघडलंय असं समजायचं."

"सगळं कळतं मला, आई!" कॉलरवालीचा आवाज चढला. "पाणी पी, फळं खा, पालेभाजी खा, कळ आली की जा. कुठे जाऊ? फळी घेऊन जाऊ?"

"कसली फळी?"

इतकी वर्षं तिने घरी हे सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. खिळा, लाल रंग, घड्याळ, कर्णा, कापणीच्या टेबलावरचं हसू. सांगताना ती रडली नाही, ओरडलीही नाही. पिशवीतली भाजी एकेक काढून जमिनीवर आपटत राहिली.

सासूने चष्मा काढून बाजूला ठेवला. सहा वर्षांच्या मुलांची पाटी हजारदा पुसून हजारदा पुन्हा लिहून घेणारी बाई ती. तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. तो आताही चढला नाही, पण ओठ पातळ झाले.

"छातीशी धरून?"

"हो."

"वर्गात पोराने बोट वर केलं की मी बोलता बोलता मान हलवायची. विचारायचीसुद्धा नाही. सहा वर्षांच्या पोराला मी कधी नाही म्हटलं नाही. आणि हा मेला कोण लागून गेला?"

चिमणी दोघींकडे बघत होती. हे सगळं तिच्या पोटात चाललंय की आईच्या कारखान्यात, ते तिला समजत नव्हतं.

झोपताना कॉलरवालीने एकच गोळी घेतली. पाण्याबरोबर. दुसरी उशाशी ठेवून दिली.

उजाडायच्या आत फोन थरथरला. लाइनमास्तरने सगळ्या ओळीला एकदम निरोप पाठवला होता. तातडीची ऑर्डर आहे. आज सुट्टी नाही. जी आज येणार नाही, तिने उद्याही येऊ नये.

तो वाचून संपायच्या आत काजवालीचा फोन आला.

"अगं, मी चार घेतल्यात!"

"मग येऊ नकोस."

"वाचलंस ना? उद्याही येऊ नये म्हणतोय. तीनदा जाऊन आलेय मी. अजून थांबत नाही."

"जेवली होतीस का काही?"

"नाही. रिकाम्या पोटी लवकर लागू पडते ना."

"पाणी?"

"पाणी प्यायले तर आणखी जावं लागेल."

सासू अंथरुणात उठून बसली होती. "तिला सांग, पाणी पी. जुलाबातून अंगातलं पाणीच जातं आणि त्याबरोबर मीठही जातं. घोट घोट का होईना, पी म्हणावं. आणि कारखाना गेला खड्ड्यात, दवाखान्यात जा म्हणावं."

कॉलरवालीने सगळं सांगितलं. काजवाली "हो हो" म्हणाली आणि कारखान्यातच आली.

त्या सकाळी ओळीतली एकही बाई दुसरीच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. प्रत्येकीला दुसरीच्या पोटात काय आहे ते माहीत होतं. कापणीच्या टेबलावर पांढऱ्या कापडाचे तागे पसरले होते. मशीनं सुरू झाली. पांढरे शर्ट, पांढऱ्या कॉलरी. कॉलरवालीच्या बेंबीखाली कशाने तरी हळूच कूस बदलली. एकाच गोळीने, वेळेवर, मुरडा न येता. इतर कुठल्याही दिवशी तिला आनंद झाला असता.

सगळ्यात आधी बटणवाली उठली. फळी घेतली.

"बटण उठली!"

बटणवाली लवकर येईना. खिसेवाली उठून टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागे कफवाली.

"हे काय? रेशनची रांग आहे का?" लाइनमास्तर कर्णा न लावताच ओरडला. "एक फळी, एक बाई. जागेवर बसा."

दोघी परत येऊन बसल्या. खिसेवालीच्या डोळ्यांत पाणी होतं.

कॉलरवालीने कफवालीच्या पलीकडे पाहिलं. काजवालीचा चेहरा त्या पांढऱ्या कापडासारखा झाला होता. काज पाडायच्या मशीनला पातं असतं. शिवण झाली की ते खाली येऊन मधलं कापड चिरतं. जरा हात हलला की शर्ट वाया. काजवालीच्या हातून आजवर एक शर्ट वाया गेला नव्हता. आत्ता तिच्यासमोर काजं तिरकी पडलेल्या शर्टांचा ढीग होता. पिंढरीत पेटका आला असावा, कारण ती एका हाताने पाय चोळत होती.

"ऊठ," कॉलरवाली म्हणाली.

"फळी बाहेर आहे."

"ऊठ म्हणते ना!"

कॉलरवालीने मशीन बंद केलं. या ओळीत कामाच्या वेळी मशीन आपल्या हाताने बंद करणं म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. घरात तिचाच पगार दर महिन्याला वेळेवर येई. चिमणीची शाळा त्यावर, सासूचं औषध त्यावर. ती काजवालीच्या काखेत हात घालून तिला घेऊन मधल्या वाटेने निघाली.

लाइनमास्तर संडासाकडच्या दारात येऊन उभा राहिला.

"कुठे?"

"मास्तर, हिला जाऊ द्या."

"फळी बाहेर आहे."

"फळीचं काय घेऊन बसलात? हिचा चेहरा बघा."

"सकाळपासून सगळ्यांचेच चेहरे बघतोय मी. एकाच दिवशी सगळ्या ओळीला लागते? सुट्टी गेली म्हणून नाटकं आहेत ही. मला शिकवू नका."

"एकाच दिवशी लागते, मास्तर, कारण बाकीचे दिवस तुम्ही लागू देत नाही!" तिचा आवाज तिच्याच कानांना परका वाटला. "गोळ्या खातो आम्ही. ऐकलंत? कर्णा द्या इकडे, म्हणजे त्या टेबलावरच्यांनाही नीट ऐकू जाईल. आठवडाभर दाबून ठेवायचं आणि सुट्टीला गोळी खाऊन हगायचं! तेवढीच आमची सुट्टी. आज तीही तू घेतलीस!"

तो शब्द कारखान्यात बायकांच्या बाजूने कधी कुणी उच्चारला नव्हता. इस्त्रीची वाफ थांबली. कापणीच्या टेबलावर कुणी हसलं नाही.

"तोंड सांभाळ," लाइनमास्तर म्हणाला. पण दारातून हलला नाही.

काजवालीने कॉलरवालीची बाही ओढली.

"राहू दे गं," ती अगदी हळू म्हणाली. "झालं."

आणि ती खाली बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिच्याभोवतीची फरशी ओली झाली होती.

कॉलरवाली वळली आणि सरळ कापणीच्या टेबलाकडे गेली. तिने सगळ्यात वरचा तागा दोन्ही हातांनी ओढला. पांढरं कापड सरसरत जमिनीवर आलं.

"ए! ऑर्डरचं कापड आहे ते! तुझ्या पगारातून जाईल!"

"लिही माझ्या नावावर," ती कापड ओढत म्हणाली. "नाव सांग बघू माझं. माहीत आहे? कॉलर नको, खरं नाव सांग."

लाइनमास्तरची नजर टेबलावरच्या हजेरीवहीकडे गेली.

तिने काजवालीला त्या कापडात गुंडाळलं, एक घडी, दुसरी घडी, खांद्यापासून पायापर्यंत. तोवर मागे एकेक मशीन बंद होत गेलं. आधी कफ, मग खिसे, मग शेवटपर्यंत सगळी ओळ. बायका उठून आल्या आणि तिच्याकडे पाठ करून गोल उभ्या राहिल्या, कुणाला आतलं काही दिसू नये म्हणून. म्हातारा इस्त्रीवाला गरम पाण्याची बादली घेऊन आला, दुसरीकडे तोंड करून त्याने ती गोलाच्या कडेला ठेवली आणि तसाच मागे गेला.

"माल पोहोचवायची गाडी आहे ना बाहेर?" कफवाली लाइनमास्तरला म्हणाली. "चालकाला बोलवा. आता तरी हला."

तो हलला.

काजवालीला धुऊन, पुसून, उचलून गाडीत घातलं. नाडी हाताला लागत होती, पण कशीतरी, अडखळत. कफवाली तिच्याबरोबर गेली. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा बटणवाली फळी छातीशी धरून संडासाकडच्या दारात उभी होती. तिला काय झालं ते कळलंच नव्हतं.

"मला उशीर झाला का गं?" तिने विचारलं.

कॉलरवाली तिच्यापाशी गेली. तिने बटणवालीच्या हातातून फळी घेतली आणि संडासात जाऊन कडी लावली.

तिथली खिडकी कधीच न उघडणारी, नळ कायम गळणारा. इतक्या वर्षांत तिने हे चार भिंतींचं खोपटं धड पाहिलंही नव्हतं; नेहमी आत शिरायचं आणि पळायचं. आज ती बसली. बाहेर पावलं वाजली. दारावर थाप पडली.

"कॉलर! किती वेळ?"

"वेळ लागेल!" ती आतून ओरडली.

थाप पुन्हा पडली नाही. रागाने तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही तिला घाई नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा लाइनमास्तर टेबलापाशी उभा राहून कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होता. खिळा रिकामा होता. फळी काखेत मारून ती त्याच्यासमोरून गेली, डबा घेतला आणि फाटकाबाहेर पडली. "परत येऊ नकोस" असं तो म्हणाला की नाही, हे तिला आठवत नाही. म्हणालाच असेल.

दवाखान्यात काजवालीला सलाईन लावलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होती आणि भलतीच चिडलेली होती.

"चार? उपाशीपोटी? आणि वर पाणीही नाही? अहो, अंगातलं पाणी गेलंय, क्षार गेलेत. अशाने हृदयाचे ठोके बिघडतात. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ती काय लिमलेटची गोळी आहे? कधी घेतली होती याआधी?"

"मागच्या सुट्टीला," कफवाली म्हणाली.

"आणि त्याआधी?"

"त्याच्या आधीच्या सुट्टीला."

डॉक्टरीणबाईने दोघींकडे पाहिलं. मग कॉलरवालीच्या काखेतल्या लाल फळीकडे पाहिलं. "हे काय आहे?"

कॉलरवालीने सांगितलं. घरी सांगितलं होतं तसंच, खिळ्यापासून कर्ण्यापर्यंत. ऐकताना डॉक्टरीणबाईचा राग हळूहळू बाजूला सरकला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

"कधीतरी पोट अडलं, तर एक गोळी ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "ह्याला मात्र माझ्याकडे गोळी नाही. दुकानातही नाही. ओळीतल्या सगळ्याजणींना माझ्याकडे पाठवा. तपासते एकेकीला. आणि त्या मालकाला कुणाचं ऐकायचं असेल, तर माझंही ऐकू दे. मी येते तिथे."

ती गेल्यावर काजवालीने डोळे उघडले.

"काय गं कॉलर," तिचा आवाज खोल गेला होता. "म्हणत होते ना, पाऊस पडत नाही. पूर आला बघ."

तिघी हसल्या. हसता हसता काजवालीचा चेहरा वेडावाकडा झाला. "सगळ्यांसमोर गं," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर," आणि भिंतीकडे तोंड करून ती किती तरी वेळ रडली. कॉलरवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हात हळू फिरत होता. दुसऱ्या हाताची मूठ मात्र सुटत नव्हती.

ती घरी पोहोचली तेव्हा चिमणी डॉक्टरांकडून येऊन पाणी पीत बसली होती, मोठ्या माणसासारखी, घोट मोजून.

"हिच्या पोटाला चालेलसं पातळ औषध दिलंय," सासूने सांगितलं. "मोठ्यांचं नव्हे. आणि म्हणाले, जेवण झालं की रोज निवांत बसवा. होवो न होवो, घाई करायची नाही. कमोडवर पाय लोंबकळता कामा नयेत, पायाखाली काहीतरी घ्या. आता पायाखाली काय द्यावं, तेच बघत होते मी." तिची नजर सुनेच्या काखेकडे गेली. "हीच का ती?"

"हीच."

सासूने फळी हातात घेतली, उलटीपालटी केली, बोटाने ठोकून पाहिली. "लाकूड चांगलं आहे मेलं."

परसातून दोन विटा आणल्या. त्यांवर फळी ठेवून पाहिली, हलते का बघितलं, खाली कापडाची घडी सारली. चिमणी जेवली. जेवल्यावर तिला आत बसवलं. तिचे पाय बरोबर फळीवर टेकले, गुडघे वर आले.

"आई, तू कारखान्यात काय केलंस?" तिने आतूनच विचारलं. फळी घरी आली म्हणजे काहीतरी घडलंय, एवढं तिला कळलं होतं.

"मशीन बंद केलं आणि उठले."

"विचारून?"

"न विचारता."

आत फळीवर टाच वाजली. मग, "उद्या बाई मला नाही म्हणाल्या तर?"

"एकदा विचार. नाही म्हणाल्या तर ऊठ आणि जा. मग मी येते शाळेत बाईंशी बोलायला."

"कामावर असशील ना तू?"

कॉलरवालीने फोन उचलला. फोनवर कफवालीचा निरोप येऊन पडला होता: उद्या फाटक उघडायच्या आत सगळ्याजणी बाहेर जमायचं, तुला आत घेतलं तर सगळ्या आत, नाही तर एकही नाही. तिने तो सासूला वाचून दाखवला.

"ते नवी फळी करतील," सासू म्हणाली.

"करू देत. तुमच्याही गुडघ्याला एक लागेलच पायाखाली."

तिने उद्यासाठी पाण्याची बाटली घेतली आणि नळाखाली धरली. काठोकाठ भरेपर्यंत ती तिथून हलली नाही.

"आई! जाऊ नको हं," चिमणी आतून ओरडली. "मला वेळ लागेल!"

"लागू दे," ती बाटलीचं झाकण आवळत म्हणाली. "बस तू."